केटीत घर घेताय? आधी बार्कर धरणाचा तलांक बघा

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटी आणि सिंको रँचच्या पट्ट्यात घर शोधणारी मराठी जोडपी मला हमखास एकच प्रश्न विचारतात. "काकू, हे घर फ्लड झोनमध्ये नाही ना?" एजंटने फेमाचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेचा, पूरनकाशा दाखवलेला असतो, त्यावर 'झोन एक्स', म्हणजे कमी धोक्याचा भाग, असतं आणि सगळे निर्धास्त असतात. मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. उमेदीची वर्षं मातीच्या धरणांवर पावसाळ्यापूर्वीच्या आणि पावसाळ्यानंतरच्या तपासण्या करण्यात गेली. त्यामुळे माझा उलट प्रश्न असतो, की घर धरणाच्या कुठल्या अंगाला आहे? यावर बहुतेकांचं उत्तर, "धरण? इथे कुठलं धरण?"

म्हणून एकदा सगळं लिहून काढते. वाचायला वेळ लागेल, पण कर्ज तीस वर्षांचं काढताय, तेव्हा अर्धा तास द्याच.

धरण दिसत नाही, कारण त्यात पाणी नसतं

रविवारी सकाळी जॉर्ज बुश पार्कमध्ये जा. फुटबॉलची मैदानं, कुत्र्यांना मोकळं सोडायची जागा, नेमबाजीचं केंद्र, मैलोगणती सायकलवाट. हे सगळं बार्कर जलाशयाच्या पोटात आहे. पूर्वेच्या कडेला लांबच लांब गवताळ बांध दिसतो, तेच धरण. मातीचा भराव, लांबी सुमारे १३.६ मैल. त्याच्या उत्तरेला, आय-१० महामार्ग ओलांडल्यावर त्याचं जुळं भावंड, अ‍ॅडिक्स.

१९२९ आणि १९३५ च्या पुरांनी ह्यूस्टनचा मध्यभाग बुडाला. त्यानंतर आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी खात्याने (पुढे नुसतं 'कोअर'), हे दोन्ही भराव घातले. बार्कर १९४५ मध्ये पुरं झालं, अ‍ॅडिक्स १९४८ मध्ये. काम एकच: पाऊस पडला की पश्चिमेकडून येणारं पाणी अडवायचं, शहराच्या पोटातून जाणाऱ्या बफेलो बायूला (बायू म्हणजे संथ वाहणारी छोटी नदी) मोकळा श्वास घेऊ द्यायचा आणि मग अडवलेलं पाणी हळूहळू सोडून द्यायचं. सिंचन नाही, वीज नाही, पिण्याचं पाणी नाही. बाराही महिने कोरडं राहावं हीच त्याची नेमणूक.

आता आकार नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. बार्कर म्हणजे जमिनीवर ठेवलेलं सूप. तीन बाजूंना भराव, चौथी पश्चिमेची बाजू उघडी, आणि जमीन त्या बाजूला इतकी हळू चढत जाते की डोळ्यांना सपाटच वाटते. पाणी भरावाला टेकून साठतं आणि उघड्या बाजूने मागे मागे सरकत जातं. उघड्या बाजूला भिंत नाही, कुंपण नाही, पाटी नाही. तिथे वसाहती आहेत.

घर कुठल्या अंगाला?

नकाशा उघडा, बार्कर आणि अ‍ॅडिक्सचे भराव शोधा आणि घराची जागा खुणेने लावा. घर भरावाच्या पूर्वेला, बफेलो बायूच्या काठाकाठाने असेल, म्हणजे मेमोरियल किंवा एनर्जी कॉरिडॉरच्या भागात, तर तुम्ही धरणाच्या खाली आहात. सिंको रँच, कॅनियन गेट, ग्रँड लेक्स, केलीवुड या बाजूला असेल तर बार्करच्या वर, आणि बेअर क्रीक व्हिलेजच्या बाजूला असेल तर अ‍ॅडिक्सच्या वर. दोन्हींची भीती वेगळी, कागदपत्रं वेगळी, पाणी येण्याची तऱ्हाही वेगळी. दोन्हींपैकी कुठेच नसाल तर तुमचं प्रकरण साध्या नाल्याचं आणि नदीचं, त्यासाठी फेमाचा नकाशा चालतो.

धोक्याचा वर्ग कसा वाचायचा

'नॅशनल इन्व्हेंटरी ऑफ डॅम्स' या नावाने शोधलंत की सरकारी संकेतस्थळ सापडतं. देशातल्या धरणांची ती जंत्री आहे. बार्कर टाका. 'हझार्ड पोटेन्शियल' या रकान्यात 'हाय' दिसेल. इथे दोन तऱ्हेची माणसं दोन चुका करतात. एक घाबरतो, "बाप रे, धरण फुटणार!" दुसरा म्हणतो, "सगळ्यांनाच हाय देतात हो."

या रकान्याचा धरणाच्या तब्येतीशी काही संबंध नाही. प्रश्न एवढाच विचारलेला असतो, की हे धरण फुटलं किंवा चुकीचं चालवलं गेलं, तर खाली काय होईल? माणसं मरण्याची शक्यता असेल तर हाय. जीव जाण्याची शक्यता नाही, पण मालमत्तेचं, रस्त्यांचं, वीज-पाण्याच्या सोयींचं मोठं नुकसान होईल तर सिग्निफिकंट. बाकीचे लो. काल बांधलेलं, चिरा नाही की पाझर नाही असं धरणसुद्धा शहराच्या वर असेल तर हायच. आणि रानात एकट्याने उभं असलेलं, मोडकळीला आलेलं धरण लोमध्ये बसू शकतं.

त्यामुळे धरणाला हात न लावता त्याचा वर्ग चढतो. हे भराव घातले तेव्हा आसपास भातशेती आणि गुरांची कुरणं होती. मग खाली माणसं राहायला आली, हॉस्पिटलं आली, कंपन्यांची ऑफिसं आली. भराव तोच, माती तीच, पण फुटण्याची किंमत शंभरपट झाली. आपल्याकडे चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, तेव्हा काय झालं ते आठवा. छोटंसंच धरण, कोयनेच्या हिशेबात त्याची गणती कुठे! पण खाली वाडी होती. केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये धरणांच्या धोक्याचे वर्ग ठरवायची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा झाला. त्यामागेही विचार हाच, की धरणाची उंची मोजून भागत नाही, खालची माणसं मोजावी लागतात.

तब्येत वेगळी बघायची. कोअर आपल्या धरणांना जोखमीचा वेगळा दर्जा देते, त्यात फुटण्याची शक्यता आणि परिणाम दोन्ही धरलेले असतात. २००९ मध्ये अ‍ॅडिक्स आणि बार्कर दोघांनाही त्यातला सगळ्यात वाईट दर्जा मिळाला होता. मुख्य कारण ओळखीचं: मातीच्या भरावातून आरपार जाणारे काँक्रीटचे जुने विमोचक (पाणी सोडायचे मार्ग), त्यांच्या कडेने होणारा पाझर आणि खाली पडलेल्या पोकळ्या. मातीच्या धरणावर काम केलेल्या कुणालाही विचारा. माती आणि काँक्रीट जिथे एकमेकांना भेटतात तिथे आम्ही सगळ्यात आधी बॅटरी मारायचो. पाणी तिथून वाट काढतं, जाताना मातीचे कण घेऊन जातं, आणि भराव वरून धडधाकट दिसत असताना आतून पोखरला जातो. त्याआधी १९७० च्या दशकाच्या अखेरीला पाझर अडवायला भरावात मातीच्या लगद्याची भिंत घातली होती, १९८० च्या दशकात भरावाच्या टोकांवर सांडव्यासाठी काँक्रीट टाकलं होतं. २००९ नंतर नवे विमोचक बांधायला घेतले, ते काम २०२० मध्ये संपलं.

हे वाचून "म्हणजे आता प्रश्न मिटला" असं म्हणाल, तर पुढचा भाग दोनदा वाचा.

धरण न फुटता घर बुडतं

ऑगस्ट २०१७, हार्वे चक्रीवादळ. बार्कर फुटलं नाही. अ‍ॅडिक्स फुटलं नाही. दोघांनी नेमून दिलेलं काम चोख केलं, पाणी अडवलं. आणि अडवलेल्या पाण्यात हजारो घरं गेली.

धोक्याच्या वर्गाचा तो रकाना या घरांकडे बघतच नाही. त्याचा प्रश्न फुटल्यावर खाली काय होईल एवढाच आहे. धरण न फुटता, नीट चालत असताना, मागे कोण बुडेल हे तो विचारत नाही. आपल्याकडे बुडीत क्षेत्र म्हटलं की भूसंपादन आलं, पुनर्वसन आलं, मोर्चे आले, पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण आलं. निदान बुडणाऱ्याला आपण बुडणार हे ठाऊक असतं. इथे कोअरने दोन्ही धरणांसाठी मिळून सुमारे २६,००० एकर जमीन घेतली, पण भराव पाणी अडवू शकतो त्या पातळीपर्यंत नाही घेतली. मधला पट्टा खाजगी राहिला. १९४० च्या दशकात तिथे भात पिकत होता, कुणाला फिकीर नव्हती. नंतर त्याच पट्ट्यात तीन-तीन गाड्यांच्या गॅरेजवाली घरं उभी राहिली.

आता आकडे. हे कागदावर उतरवून घ्या, सगळे समुद्रसपाटीपासून फुटांत.

बार्कर: सरकारी जमिनीची हद्द साधारण ९५ फुटांवर. एप्रिल २०१६ च्या पुरात पाणी ९५.२ पर्यंत चढलं, तो तोवरचा विक्रम होता. सोळा महिन्यांनी हार्वेत १०१.६. भरावाच्या टोकांना नैसर्गिक जमीन सुमारे १०४ फुटांवर, म्हणजे पाणी टोकाला वळसा घालून निघून जायच्या आधी तिथवर साठू शकतं.

अ‍ॅडिक्स: सरकारी हद्द साधारण १०३, टोकाची जमीन १०८, आणि हार्वेत पाणी १०९.१. म्हणजे टोकावरून ओलांडून गेलंच.

घराचा तलांक काढा

हे मुख्य काम, आणि हेच कुणी करत नाही. शाळेचं रेटिंग बघतात, किचनचा ओटा क्वार्ट्झचा आहे का बघतात, तलांक, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, विचारत नाहीत.

घरबसल्या अंदाज घ्यायचा तर यूएसजीएसच्या (अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) 'नॅशनल मॅप'वर पत्त्याच्या जागी क्लिक करा, जमिनीची उंची मिळते. घर ठरत आलं असेल तर सर्व्हेअरकडून 'एलेव्हेशन सर्टिफिकेट' करून घ्या. त्यात तळमजल्याच्या फरशीची उंची असते, आणि आपल्याला हवी ती हीच. आजूबाजूचं गवत किंवा रस्ता नव्हे, फरशी. विकणाऱ्याकडे जुनं सर्टिफिकेट असेल तर मागून घ्या, पण ते कुठल्या आधारपातळीवर मोजलंय ते बघा. हल्लीचे आकडे 'नॅव्हडी ८८'वर असतात. ह्यूस्टनच्या परिसरात भूजल उपसून उपसून जमीन खचलेली आहे, त्यामुळे जुन्या नकाशावरचा आकडा आजच्या आकड्याला लावला तर काही फुटांचा फरक येतो. आणि इथे सगळा खेळ त्या काही फुटांचाच आहे.

समजा फरशी ९८.५ वर आहे. सरकारी हद्दीपेक्षा साडेतीन फूट वर, म्हणून रुबाबात 'झोन एक्स'. हार्वेचं पाणी १०१.६. वजाबाकी करा: ३.१ फूट. सोफा गेला, ओव्हन गेला, भिंतीतलं इन्सुलेशन गेलं, देवघर ओट्याच्या उंचीवर असेल तर देव तेवढे वाचले. फरशी १०४ च्या वर असेल तर बार्करच्या बाबतीत तुम्हाला बरीच शांत झोप लागेल. ९५ ते १०२ च्या मध्ये असेल तर तुम्ही बुडीत क्षेत्रात घर घेताय हे समजून भाव करा. नकोच घ्या असं मी म्हणणार नाही. शाळा चांगल्या आहेत, माझ्या ओळखीची शहाणी माणसं तिथे राहतात. पण त्यांना आपला आकडा पाठ आहे.

फेमाच्या नकाशाला यात दोष देण्यात अर्थ नाही. तो मुख्यतः नदी-नाल्याच्या पुराचा नकाशा आहे. आपल्याकडच्या निळ्या आणि लाल पूररेषांसारखा. धरणामागे साठणाऱ्या पाण्याचा हिशेब त्याच्याकडून मागायचाच नाही.

कागदपत्रं

बार्करच्या वरचा बराच भाग फोर्ट बेंड काउंटीत येतो. तिथल्या कितीतरी वसाहतींच्या नोंदवलेल्या प्लॅटवर, म्हणजे प्लॉटच्या आखणीच्या सरकारी नकाशावर, एक टीप आहे. आशय असा, की ही वसाहत बार्कर जलाशयालगत असून आर्मी कोअरच्या नियंत्रणाखाली दीर्घकाळ पाण्याखाली जाऊ शकते. टीप सार्वजनिक दप्तरात आहे, कुणी लपवलेली नाही. पण प्लॅटवर पंधरा-वीस टिपा असतात, गटाराच्या, विजेच्या तारांच्या, कुंपणाच्या, आणि त्यांच्यात ही बारीक अक्षरात बसलेली. क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा करून सह्या करायच्या, टेबलावर प्लॅट कुणी वाचत नाही. तुम्ही काउंटी क्लर्ककडून आधी मागवा, छापा आणि पट्टी ठेवून ओळ न्‌ ओळ वाचा. अ‍ॅडिक्सच्या बाजूला अशा टिपेची वाट बघू नका, तिथे थेट तलांकावर जा.

दुसरा कागद विकणाऱ्याचं प्रकटन. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासच्या कायद्याप्रमाणे जुनं घर विकणाऱ्याने हे लिहून द्यावं लागतं, की घर 'फ्लड पूल'मध्ये (जलाशयाच्या पुराचं पाणी पसरतं त्या भागात) किंवा जलाशयात येतं का, आणि धरणातून सोडलेल्या पाण्याने पूर्वी बुडालं होतं का. चौकोनातली खूण बघा, आणि खूण नसेल तर लेखी विचारा. बिल्डरकडून कोरं घर घेताना हे प्रकटन लागू नाही. नवं घर आहे म्हणजे जोखीम नवी नाही, कागद मात्र कमी.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी २०२२ च्या जानेवारीपासून घरमालकाने गेल्या पाच वर्षांत पुराने नुकसान झालं असेल तर सांगायचं बंधन आहे. पाच वर्षांत. हार्वे २०१७ चा. म्हणजे आज मालक काही न सांगता नियमात बसतो. तुम्ही सरळ विचारा: "हार्वेत पाणी आलं होतं का, आणि किती?" शेजाऱ्यालाही विचारा. टेक्सासची माणसं यावर खुशाल अर्धा तास बोलतात, भिंतीवर हाताने उंची दाखवतात.

कोर्टाचं थोडक्यात. १७ डिसेंबर २०१९ रोजी फेडरल क्लेम्स कोर्टाने वरच्या बाजूच्या निवडक घरांच्या बाबतीत सरकारला जबाबदार धरलं. ते दावे त्या वेळच्या मालकांचे. आज घर घेणाऱ्याला त्यातून काही मिळेल या आशेवर राहू नका.

धरणाखाली राहात असाल तर

नॅशनल इन्व्हेंटरीच्याच संकेतस्थळावर कोअरच्या धरणांचे पूरनकाशे आहेत. भराव शाबूत असताना पाणी सोडलं तर कुठवर आणि भराव फुटला तर कुठवर, दोन्ही चित्रं बघा. पहिलं जास्त काळजीपूर्वक. हार्वेत २८ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर दोन्ही धरणांचे दरवाजे उघडले आणि विसर्ग मिळून सुमारे १३,००० क्युसेकवर गेला. एरवी बायूत २,००० क्युसेकपेक्षा जास्त होऊ न देण्याचा प्रयत्न असतो. खडकवासल्यातून सोडलेल्या क्युसेकवर ज्यांचं बालपण गेलं त्या पुणेकरांना वेगळं सांगायला नको.

पाऊस सुरू झाल्यावर

'हॅरिस काउंटी फ्लड वॉर्निंग सिस्टीम'वर दोन्ही जलाशयांची पातळी दिसते. आपल्या फरशीचा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि पातळीशी ताडत राहा. वरच्या बाजूच्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, की आभाळाकडे बघून काही कळत नाही. हार्वेचा पाऊस इथे २९ ऑगस्टला आटोपला, पण जलाशयाची पातळी ३० ऑगस्टला शिखरावर गेली. वरच्या नाल्यांमधून पाणी येतच राहतं. ऊन पडलं म्हणून गाड्या परत गॅरेजमध्ये आणू नका. आणि चढलेलं पाणी दुसऱ्या दिवशी उतरत नाही, खालचा बायू मोकळा होईपर्यंत ते तिथेच ठेवलं जातं. पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसा मंजुरीचा कागद), औषधं आणि लॅपटॉप घेऊन निघायचं ते आठवड्याभराच्या तयारीने.

कोरड्या दिवसांत भरावाच्या बाजूने फिरायला जाता तेव्हा डोळे उघडे ठेवा.  रानडुकरांनी उकरलेले खड्डे, जनावरांची बिळं, माथ्यावर बसलेला खोलगट भाग, पायथ्याशी पाऊस नसताना ओली राहणारी जागा यांचा फोटो काढून कोअरच्या गॅल्व्हेस्टन कार्यालयाला कळवा. आमच्याकडची धरणं भरलेली असायची, पाझर रोज दिसायचा. कोरड्या धरणाचा दोष पाणी चढलेल्या मोजक्या दिवसांतच उघडा पडतो, आणि त्या दिवसांत माणसं त्या पायवाटेवर नसतात. पाणी चढलेलं असताना स्वतः बघायला जाऊ मात्र नका. पायथ्याशी गढूळ पाणी निघताना लांबून जरी दिसलं, तरी लगेच फोन करा. स्वच्छ पाझर थोडा वेळ देतो, गढूळ देत नाही.

विमा

नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेला नसतो. झोन एक्समध्ये बँक सक्ती करत नाही, म्हणूनच हार्वेत जलाशयामागच्या कितीतरी घरांचा पूरविमा नव्हता. सरकारी पूरविमा योजनेचा (एनएफआयपी) विमा घराला २,५०,००० डॉलरपर्यंत आणि सामानाला १,००,००० डॉलरपर्यंत मिळतो. सामानाचा वेगळा मागावा लागतो, हे एजंट सांगायला विसरतात. भाडेकरूलाही फक्त सामानाचा घेता येतो. एरवी विमा लागू व्हायला ३० दिवस जातात, पण कर्जाच्या क्लोजिंगबरोबर घेतला तर ही अट नाही, तेव्हा क्लोजिंगच्या दिवशीच घ्या. तो दिवस हुकला असेल तर १ मेच्या आत पैसे भरा. चक्रीवादळाचा मोसम १ जूनला लागतो.